सेलूची खानेसुमारी आणि सेलूचा कारभार

सेलूस शहर म्हणावें कीं खेडें म्हणावें, असें कोणी विचारलें तर आम्ही म्हणूं कीं, कर भरावयाच्या वेळीं तें शहर आणि पाणी मिळावयाच्या वेळीं तें खेडें. ही थट्टा आहे, परंतु मराठवाड्यांतील कोणत्याही लहान म्युनिसिपालिटीच्या रहिवाशास ती कळावयास वेळ लागणार नाहीं. महाराष्ट्रांत सेलू नांवाचीं तालुक्याचीं दोन गांवें आहेत. एक वर्धा जिल्ह्यांत, तें इंग्रजांच्या मध्यप्रांतांत मोडत असे. दुसरें परभणी जिल्ह्यांत, तें निजामाच्या राज्यांत होतें. आम्हांस बोलावयाचें आहे तें या दुसऱ्याविषयीं, आणि तेंही त्याच्या शिरगणतीच्या निमित्तानें. कारण गांवांत माणसें किती आहेत हा आंकडा नुसता शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकाचा विषय नाहीं. कोणाला किती जागा, कोणाला किती पैसा आणि कोणाला किती पाणी, हें त्याच एका आंकड्यानें ठरत असतें. ज्याची मोजणी नाहीं त्याची मागणीही नाहीं, हा सरकारी दप्तराचा जुना कायदा आहे.

मनमाडहून परभणी-नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जालना मागें पडल्यावर परतूर लागतें, परतुरानंतर सेलू, आणि पुढें मानवत रोड ओलांडून परभणी. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा अरुंद रूळ विसाव्या शतकाच्या आरंभीं पडला आणि त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तो रुंद झाला. या एका रुळानें आसपासच्या गांवांचें नशीब लिहिलें. दक्षिणेस पाथरी हें इतिहासांत मोठें गांव, पण रूळ त्याच्या वाट्यास आला नाहीं. उत्तरेस जिंतूर, त्यालाही आगगाडी नाहीं. मानवतची बाजारपेठ जुनी आणि मोठी, परंतु तिचें स्टेशन गांवापासून दूर. सेलूच्या मात्र अगदीं दारांतून गाडी जाते. जेथें गाडी थांबते तेथें कापूस येतो. कापूस येतो तेथें सरकी काढण्याच्या गिरण्या आणि गांठी बांधण्याचे प्रेस येतात. आणि प्रेस आले म्हणजे अडत्या, मापाडी, हमाल, गाडीवान आणि सावकार यांची सबंध वरात पाठोपाठ येते. सेलूचें शहरपण हें असें आहे. कोणा राजानें तेथें राजधानी केली नाहीं. शेतकऱ्याच्या पांढऱ्या सोन्यानें तें गांव वाढविलें.

जमीन काळी आणि खोल, कापूस, ज्वारी आणि तूर यांची. अलीकडे सोयाबीननें बरीचशी ज्वारी हुसकून लावली आहे. दुधना नदी या तालुक्यांतून वाहते, ती पुढें पूर्णेस मिळते आणि पूर्णा गोदावरीस. हा सगळा गोदावरीच्या खोऱ्याचाच मुलूख. या मुलखाच्या सीमा मात्र सरकारनें वारंवार पुसल्या आणि पुन्हां आंखल्या. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. पुढें १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निघाला तेव्हां शेजारचें परतूर परभणींतून तिकडे गेलें, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली वेगळी झाली. आतां परभणी जिल्ह्यांत नऊ तालुके उरले आहेत आणि सेलू त्यांपैकीं एक. विधानसभेच्या निवडणुकीस तें जिंतूर मतदारसंघांत जातें. म्हणजे आमदाराच्या नांवापुढें जें गांव लागतें तेंही दुसऱ्याचेंच.

आतां माणसांकडे वळूं. २००१ च्या मोजणींत सेलूची वस्ती ४० हजारांच्या उंबरठ्यापर्यंत आली होती. २०११ मध्यें ती सुमारें ४७ हजार भरली. त्या वर्षीं सबंध जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती, आणि एकट्या परभणी शहराची ३ लाखांवर. जिल्ह्यांत दर शंभर माणसांत सुमारें एकतीस शहरांत राहणारीं, बाकीचीं खेड्यांत. खानेसुमारीच्या वर्गवारींत २० हजारांपासून ५० हजारांच्या आंतील गांव तिसऱ्या वर्गाचें शहर. त्या हिशेबानें सेलू तिसऱ्या वर्गांत. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्याचा हिशेब निराळा. त्यांत एक लाखावर वस्ती असेल तर 'अ' वर्ग, ४० हजारांच्या वर व लाखाच्या आंत 'ब' वर्ग, आणि ४० हजार किंवा त्याहून कमी असेल तर 'क' वर्ग. सभासदांची संख्या, अधिकाऱ्याचा दर्जा, नोकरांची मंजुरी हें सर्व या अक्षरांवर अवलंबून. २००१ च्या आणि २०११ च्या सेलूमध्यें फरक जेमतेम सातएक हजार माणसांचा. परंतु मधली ४० हजारांची रेघ ओलांडली कीं गांवाचें अक्षर बदलण्याचा प्रश्न येतो. एवढ्यासाठींच आम्ही म्हणतों कीं, खानेसुमारीचा कारकून दारीं येतो तेव्हां तो पाहुणा नसून न्यायाधीश असतो.

या न्यायाधीशाची मोजणी कशी चालते तें आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल, म्हणून जरा तपशिलानें सांगतों. आपल्याकडे माणसांची मोजणी फेब्रुवारींत होते आणि १ मार्चच्या क्षणास ती आणून मिळवितात. २००१ सालीं असेंच झालें, २०११ सालीं असेंच झालें. २०२१ ची मोजणी महामारीमुळें तहकूब झाली ती झालीच. अखेर १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें १ मार्च २०२७ हा क्षण मुक्रर झाला. घरयादीसाठीं २०२६ सालच्या एप्रिल ते सप्टेंबर ही मुदत ठरली आणि माणसांच्या मोजणीसाठीं २०२७ चा फेब्रुवारी. नियम असा आहे कीं, मोजणीच्या मुदतींत मनुष्य आपल्या नेहमींच्या राहण्याच्या जागीं एक दिवस जरी असला तरी त्याची नोंद तेथें व्हावयाची; परंतु सबंध मुदतभर तो बाहेर असेल तर जेथें सांपडेल तेथेंच त्याला मोजावयाचें. हा नियम ज्या गृहस्थांनीं केला त्यांच्या डोळ्यांपुढें नोकरदार मनुष्य असावा, कारण नोकरदार मनुष्य दौऱ्यावर गेला तरी चार दिवसांनीं घरीं येतो. पण आमचा मजूर?

परभणी जिल्ह्यांतून आणि शेजारच्या बीड-जालन्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. पोरें बरोबर, किंवा म्हाताऱ्याच्या अंगावर टाकून. कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक, जेथें कारखान्याची चिठ्ठी असेल तेथें पाचटाच्या कोपींत चार-पांच महिने काढावयाचे, आणि शिमगा-पाडव्याच्या सुमारास परत यावयाचें. म्हणजे ज्या फेब्रुवारींत सरकार माणसें मोजतें, नेमक्या त्याच फेब्रुवारींत हा मनुष्य घरीं नसतो. त्याच्या घरास कुलूप. तो मोजला जाईल तर उसाच्या फडांत, ज्या तालुक्याचें पाणी तो पीत नाहीं, ज्या गांवचा तो मतदार नाहीं, आणि ज्या शाळेंत त्याचें पोर जात नाहीं अशा ठिकाणीं. त्याची भर पडली ती साखरेच्या जिल्ह्याच्या वस्तींत; वजाबाकी झाली ती मराठवाड्याच्या खात्यांत. ज्या जिल्ह्यांनीं आधींच धरणें, कारखाने आणि बँका मिळविल्या त्यांस आमच्या घामाबरोबर आमचें डोकेंही मोजून द्यावें, ही दानत थोरच म्हणावयाची! दर खेपेस हें असेंच होत आलें आहे आणि अद्याप कोणा आमदारानें सभागृहांत यावर तोंड उघडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

सेलू शहरांतील सर्वच मजूर उसास जातात असें आम्ही म्हणत नाहीं. बाजाराच्या हंगामांत उलट बाहेरचे हमाल सेलूंत येतात. परंतु शहराच्या कडेच्या वस्त्यांतून, जेथें घर पत्र्याचें आणि जागा कोणाच्या नांवावर तें विचारूं नये अशी, तेथून जीं कुटुंबें हंगामापुरतीं उठतात तींच सर्वांत गरीब असतात, तींच नगरपरिषदेच्या दिव्याच्या खांबापासून सर्वांत दूर असतात, आणि तींच मोजणींतून सुटतात. मोठ्या रस्त्यावरील पेढीवाला कधीं सुटल्याचें ऐकिवांत नाहीं. त्याच्या घरांतील तान्हें मूलसुद्धां बरोबर लिहिलें जातें.

आतां कारभाराची कथा. १८८२ सालीं लॉर्ड रिपननें स्थानिक स्वराज्याचा जो ठराव केला त्यामुळें इंग्रजी मुलखांतील गांवांना हळूहळू निवडणुकीची गोडी लागली. त्याच्याही पूर्वीं, १८७६ पासून कांहीं वर्षें, महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या म्युनिसिपालिटींत सभासद होते. हें आमच्या चळवळीच्या लोकांस मुद्दाम आठवून द्यावेंसें वाटतें, कारण म्युनिसिपालिटी म्हणजे दुय्यम प्रतीच्या पुढाऱ्यांचें शिकाऊ मैदान, असें समजण्याची चाल आमच्यांत पडत चालली आहे. रिपनचा ठराव निजामाच्या सरहद्दीपाशीं येऊन थांबला. सरहद्दीच्या आंत जिल्ह्याचा धनी अव्वल तालुकदार, दप्तर उर्दूंत, बलदिया म्हणून जें कांहीं असेल त्यांत रयतेचा आवाज किती, हें विचारण्याचीच सोय नव्हती. त्यामुळें महाराष्ट्र झाला तेव्हां राज्यांतील म्युनिसिपालिट्यांना तीन मुलखांचे निरनिराळे कायदे लागू होते. पश्चिमेकडे मुंबईचे, विदर्भांत मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा, आणि मराठवाड्यांत हैदराबादचा १९५६ चा. १९६५ च्या कायद्यानें तिघांना एका दाव्याला बांधलें. पुढें चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलांत आली आणि तिनें बाराव्या परिशिष्टांत अठरा कामें लिहून नगरपरिषदेस घटनेंत जागा दिली. दर पांच वर्षांनीं निवडणूक झालीच पाहिजे, असेंही तिनें बजाविलें.

बजाविलें खरें, झालें काय तें पाहा. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि राज्यभर प्रशासक बसले. पुन्हां मतदान झालें तें २०२५ च्या डिसेंबरांत, २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती यांचें, आणि निकाल लागले २१ डिसेंबरला. मध्यें चार वर्षांच्या जवळपास काळ गेला. ठराव मांडणारा अधिकारी, मंजूर करणारा अधिकारी, आणि त्याप्रमाणें पैसे खर्च करणाराही अधिकारीच. आम्ही अमुक अधिकारी लबाड होता असें म्हणत नाहीं. कित्येक प्रशासक निवडून आलेल्या सभेहून बरे असतील, आणि हें बोलतांना आम्हांस आमच्याच लोकांची लाज वाटते. परंतु नळास पाणी आलें नाहीं म्हणून ज्याच्या ओट्यावर जाऊन चार बाया घागरी आपटतात तो माणूस वॉर्डांत राहणारा असावा लागतो. बदलीवर आलेल्या साहेबाच्या कचेरींत घागर घेऊन कोणी जात नाहीं.

ही निवडणूक कां अडली? मागासवर्गीयांच्या राखीव जागांवरून. १९९४ पासून महाराष्ट्रांत इतर मागासवर्गास २७ टक्के जागा होत्या. ४ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, या जागा सरसकट देतां येणार नाहींत; स्वतंत्र आयोग नेमा, प्रत्येक संस्थेपुरती मागासलेपणाची मोजदाद करा, आणि एकूण राखीव जागा निम्म्यावर जाऊं देऊं नका. न्यायालयानें मागितला तो आंकडा. सरकारपाशीं आंकडा नव्हता! १९३१ नंतर या देशांत सर्व जातींची मोजणी होऊन ती प्रसिद्ध झालेली नाहीं. २०११ ची जी सामाजिक-आर्थिक पाहणी झाली तिच्यांतील जातींचे आंकडे सरकारनें बाहेर येऊं दिले नाहींत. मग २०२२ सालीं बांठिया आयोगानें अहवाल दिला, आणि मतदारयादींतील आडनांवांवरून जात ओळखण्याच्या त्या उद्योगावर राज्यभर टीका झाली. आमच्या मुलखांत जाधव म्हटला तर तो मराठा असेल, बंजारा असेल, पूर्वाश्रमीचा महार असेल; पवाराचें तेंच, गायकवाडाचें तेंच. आडनांवावरून जात सांगणारा ज्योतिषी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. शेवटीं ६ मे २०२५ रोजीं न्यायालयानें २०२२ पूर्वीं जशा राखीव जागा होत्या तशा ठेवून निवडणुका घ्या म्हणून हुकूम केला, तेव्हां गाडा हलला. आणि त्या निवडणुकीसाठीं वॉर्ड पाडले ते २०११ च्या आंकड्यांवर. म्हणजे चौदा वर्षांत जन्मलेलें एकही मूल, बाहेरून आलेलें एकही कुटुंब त्या हिशेबांत नाहीं.

जातीची मोजणी झाली तर जातिभेद वाढेल, असा आक्षेप पुष्कळ सुशिक्षित लोक घेतात. या लोकांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, १९३१ पासून मोजणी बंद होती, तेवढ्या काळांत जातिभेद किती घटला? लग्नाच्या जाहिराती वाचा, गांवांतील मसणवट्यांची संख्या मोजा, आणि सांगा. आजार तपासूं नये म्हणजे रोगी बरा होतो, हें वैद्यक नवें आहे. खरी भीति वेगळी आहे. शंभरांत आपण किती आणि खुर्च्यांत आपण किती, हे दोन आंकडे एकाखालीं एक लिहिले गेले तर वजाबाकी शाळेंतील पोरासही येते. २०२७ च्या मोजणींत सर्वांची जात विचारण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजीं केंद्र सरकारनें जाहीर केला, त्याचें आम्ही स्वागत करतों. आणि स्वागत करतांना हेंही सांगतों कीं, नुसता रकाना छापला म्हणजे काम झालें असें नव्हे. एकाच जातीचीं पांच नांवें पांच तालुक्यांत असतात. लिहिणारा जें ऐकेल तें लिहील, आणि पोटजातींच्या हजारों नांवांचा ढीग पडला कीं 'आंकडे जुळत नाहींत' म्हणून तो पुन्हां कपाटांत जाईल. २०११ चें कपाट अजून बंदच आहे.

मोजणीच्या कागदाची किंमत मराठवाड्याच्या मनुष्यास कोणी शिकवावयास नको. २ सप्टेंबर २०२५ रोजीं सरकारनें हैदराबाद गॅझेटच्या आधारें कुणबी नोंदी तपासण्याचा निर्णय काढला. त्या निर्णयाच्या इष्टानिष्टतेचा वाद मोठा आहे आणि तो एका परिच्छेदांत मिटणारा नाहीं; इतर मागासवर्गाच्या मनांतील भीतीही खोटी म्हणतां येत नाहीं. आम्ही येथें एवढेंच दाखवितों कीं, निजामाच्या कोणा कारकुनानें शेंसव्वाशें वर्षांपूर्वीं आपल्या पणज्यास काय म्हणून लिहिलें, तें शोधण्यासाठीं आज पणतू तहसिलीच्या पायऱ्या झिजवीत आहे. तेव्हां पणज्यास कोणी सांगितलें नव्हतें कीं या ओळीला पुढें किंमत येईल. आतां तुम्हांस कोणी तरी सांगत आहे.

पाण्याकडे येऊं, कारण बायांना बाकीच्या सर्व विषयांहून हाच अगोदर कळतो. निम्न दुधना प्रकल्पाचें धरण सेलू तालुक्यांतच, ब्रह्मवाकडीजवळ आहे. कित्येक वर्षें रखडून तें पुरें झालें. त्याचा उपयुक्त सांठा सुमारें २४० दशलक्ष घनमीटर. आतां गणित करूं. ४७ हजार माणसांस प्रत्येकीं रोज १३५ लिटर धरलें तर दिवसास ६३ लाख ४५ हजार लिटर लागतात. वर्षास सुमारें २३ लाख घनमीटर. म्हणजे धरण भरलेल्या वर्षीं त्याच्या शंभराव्या हिश्शांतही सबंध सेलू न्हाऊन-धुऊन राहील. गळती जमेस धरा, २०११ नंतरची वाढ जमेस धरा, हिस्सा दीडपट करा, तरी शंभरांतील दोन भागांवर जात नाहीं. शेतीस पाणी नको असें कोणीच म्हणत नाहीं, आणि या धरणावर इतर गांवांचाही हक्क आहे. परंतु पिण्याच्या पाण्याची टंचाई ही मराठवाड्याच्या गांवांत दर वेळीं पावसाच्याच माथीं मारतात, तें खरें नाहीं. पाऊस न पडलेलीं वर्षें असतात. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें हें आम्ही विसरलों नाहीं. पण धरण भरलेल्या वर्षींही जेथें नळ चार-आठ दिवसांनीं सुटतो तेथें दोष ढगांचा नसून टाकीचा, नळाचा, विजेच्या थकलेल्या बिलाचा आणि वांटपाचा असतो.

आणि तो १३५ लिटरचा आंकडा तरी सर्वांस कोठें आहे? सरकारी मापाप्रमाणें ज्या शहरांत भुयारी गटार आहे किंवा होणार आहे त्यास माणशीं १३५ लिटर. ज्यांत नळ आहेत पण गटार नाहीं त्यास ७० लिटर. म्हणजे ज्याच्या दारांत आधींच उघडें गटार वाहतें त्यास पाणीही निम्में. गरिबीस दंड करण्याची ही तऱ्हा पाहून जुने सावकारसुद्धां लाजले असते. पुन्हां वस्ती धरावयाची ती २०११ ची, म्हणजे उसाच्या फडांत गेलेला माणूस वगळून. माप कमी, डोकीं कमी. दोन्ही कमींचा गुणाकार घागरींत दिसतो.

पाणी आणि म्युनिसिपालिटी यांचा संबंध आमच्या चळवळीस नवा नाहीं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं त्याप्रमाणें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव लिहून ठेवला, आणि प्रत्यक्षांत तळ्यावर कोणास जाऊं दिलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों लोकांसह जाऊन तें पाणी घेतलें, तेव्हां त्याच वर्षीं म्युनिसिपालिटीनें आपला ठराव परत घेतला. कोर्टाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ उजाडलें. ठराव करणें वेगळें आणि पाणी देणें वेगळें, हें महाडनें तेव्हांच दाखविलें. आज तळ्यावर पहारा नाहीं. परंतु नळाची मोठी वाहिनी कोणत्या आळीपासून सुरू होते आणि कोणत्या वस्तीच्या अलीकडे संपते, तें कोणत्याही गांवांत सकाळीं एक फेरी मारून पाहावें.

पैशाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. बाजाराच्या गांवास पूर्वीं जकातीचें उत्पन्न असे. कापसाची गाडी नाक्यावर थांबली कीं चार पैसे नगरपरिषदेच्या गल्ल्यांत पडत. जकातीचा जुलूम होता, तिच्यांत चोरीही पुष्कळ होती, म्हणून १९९९ सालीं ती नगरपरिषदांच्या हद्दींत बंद झाली तेव्हां कोणी रडलें नाहीं. पण तिच्या जागीं आलें तें सरकारचें अनुदान, आणि अनुदान म्हणजे दुसऱ्याच्या हातचें जेवण. घरपट्टी वाढवावी तर मतदार रागावतो; न वाढवावी तर दिवाबत्ती उधार. मुख्याधिकारी सरकारचा नोकर, आणि सभेचा ठराव तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास. अठरा कामें घटनेंत लिहिलीं आहेत, त्यांतील किती कामांचा पैसा आणि नोकर नगरपरिषदेच्या खरोखर हातीं आहेत, याची यादी नव्या सभेनें पहिल्या बैठकींत मागितली तर सभासदांचेंही शिक्षण होईल.

आणि आमच्या लोकांसही चार शब्द. ब्राह्मणेतरांची सत्ता आली म्हणजे कारभार सुधारेल, असें आमच्या पूर्वींचे संपादक लिहीत. सत्ता आली. आतां बहुतेक म्युनिसिपालिट्यांत बहुजनांचेच लोक बसतात, आणि तरी झाडूवाल्याचा पगार तटतो व ठेकेदाराचें बिल तटत नाहीं. शेटजी-भटजींची जुनी जोडी पांगली तर तिच्या जागीं ठेकेदार आणि त्याचा सभासद-मेहुणा यांची नवी जोडी उभी राहिली. जात बदलली, धंदा तोच. २०११ पासून निम्म्या जागा बायांस मिळाल्या, पण पुष्कळ ठिकाणीं पाटीवर बाईचें नांव आणि खुर्चीवर तिच्या नवऱ्याची टोपी. हें सर्व वरच्या जातींचें कारस्थान म्हणून आम्हांस सोडून देतां येत नाहीं. जो मतदार घरटी पाकीट घेऊन वॉर्ड विकतो त्यास पुढें पांच वर्षें टाकीच्या खर्चाचा हिशेब मागण्याचें तोंड राहत नाहीं, आणि घेणारा हें जाणून असतो.

तूर्त काम आहे तें मोजणीचें, आणि तें सभासदानें करण्यासारखें आहे. प्रत्येक सभासदानें आपल्या वॉर्डांतील घरें स्वतः पायीं फिरून मोजावीं आणि घरयादीशीं ताडून पाहावीं; हद्दीच्या कडेचीं पत्र्याचीं घरें प्रथम. घरयादीच्या वेळीं ऊसतोडीचीं कुटुंबें अजून गांवांत असतात, म्हणून त्यांच्या घरावर क्रमांक पडला आहे कीं नाहीं तें दिवाळीपूर्वींच पाहावें. फेब्रुवारींत ज्यांस मुदतींत एक दिवस तरी परत येणें शक्य आहे त्यांस मुदतीच्या तारखा मुकादमाच्या टेलिफोनवर कळवाव्या. ज्यांस शक्य नाहीं त्यांचीं नांवें, माणसें, मुलें आणि गेले तें ठिकाण यांची यादी नगरपरिषदेनें आपल्या वहींत ठेवावी आणि जिल्हाधिकाऱ्यास मोजणी चालू असतांनाच सादर करावी, नंतर नव्हे. जातीचा रकाना भरतांना घरांतील म्हाताऱ्या माणसास विचारून, जातीच्या दाखल्यावर जें नांव आहे तेंच सांगावें. धंद्याच्या रकान्यांत 'मजुरी' एवढ्यावर न भागवितां ऊसतोड, हमाली, सरकीची गिरणी, सफाई, जें असेल तें लिहवून घ्यावें. लिहिणाऱ्यानें घाई केली तर त्यास ओसरीवर बसवावें, पाणी द्यावें, आणि लिहिलेलें वाचून दाखवा म्हणावें.